क्रेयॉल स्पेलचेकची लाल रेघ भलत्याच शब्दाखाली जातेय

कोथरूडचा_कोडर:
मंडळी, हैतीच्या एका क्लायंटसाठी छोटं वेब अ‍ॅप करतोय, क्रेयॉलमध्ये (तिथली भाषा) टाइप करायचं आणि चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ, बास एवढंच. स्पेलचेकची सर्व्हिस विकतची आहे, पोस्टमन नावाच्या टेस्टिंग टूलमधून मस्त चालते पण ब्राउझरमधून कॉर्स एरर (दुसऱ्या साइटचं उत्तर ब्राउझर अडवतो). एक्स्टेंशन टाकून त्याला गप्प केलं तर आता पहिले दोन-तीन शब्द बरोबर आणि पुढे रेघ उजवीकडे सरकत जाते, आणि पीडीएफमधून कॉपी केलं की 'क्रेयॉल' हाच शब्द चूक म्हणते!! शुक्रवारी डेमो आहे.

कटिंग_घ्या:
एक्स्टेंशन काढ आधी, क्लायंटच्या मशीनवर आपटशील. आणि एपीआय की (सर्व्हिसची गुप्त किल्ली) ब्राउझरमध्ये ठेवलीयस ना, एफ१२ दाबणाऱ्या कुणालाही दिसते ती. नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवतं ते) एक राउट, म्हणजे कॉल घेणारा पत्ता, टाक, ती किल्ली तिथेच ठेव, ब्राउझर फक्त तुझ्या सर्व्हरशी बोलेल, कॉर्स गेला. दर अक्षराला कॉल मारू नको, टायपिंग थांबल्यावर अर्ध्या सेकंदाने.

रेवदंडेकर:
मला आधी वाटलं आमच्या शेजारच्या कोरलई गावची पोर्तुगीज क्रेओल (पोर्तुगीज-मराठी मिसळीची बोली), म्हटलं तिला कुणी स्पेलचेकर केला! भाषेचा कोड बघ, हैतीचा एचटी, मॉरिशसच्या क्रेओलचा एमएफई, दोन्ही फ्रेंचवरून आल्या तरी स्पेलिंग वेगळं.

सदाशिव_पेठी:
कोड बरोबरच असणार, दुखणं वेगळंय. रोमनमध्ये क्रेयॉल लिहिताना 'ओ'च्या डोक्यावर तिरकी रेघ असते. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) तो ओ २ बाइट खातो, जावास्क्रिप्ट मात्र त्याला १ धरतं. सर्व्हिस बाइट मोजून जागा देत असणार, म्हणजे असं प्रत्येक अक्षर गेलं की लाल रेघ एक घर पुढे. जावास्क्रिप्टच्या टेक्स्टएन्कोडरने (मजकुराचे बाइट करून देतो) बाइटवरून जागा काढ. पीडीएफवाल्याचं कारण निराळं, तिथे ओ आणि ती तिरकी रेघ असे दोन तुकडे येतात, डिक्शनरीत एकच अक्षर. पाठवायच्या आधी एनएफसी नॉर्मलाइझ कर (तुकडे जोडून एकच अक्षर होतं) आणि बॉक्समध्येही तोच मजकूर ठेव, नाहीतर परत सरकेल. आपल्या 'दुसऱ्या'तला ऱ घे, तो एकसंध पण येतो आणि र खाली नुक्ता (टिंब) असाही येतो, दिसायला सेम, सर्च केला की सापडत नाही. त्यापायी माझे दोन दिवस गेलेत.

कोथरूडचा_कोडर:
भावा, बाइटच होते!! रेघ जागेवर आली, राउटपण टाकला. आता फोनवरून टाइप केलं की वाकडा अपॉस्ट्रॉफी येतो आणि ते शब्द लाल होतायत, तोही सर्व्हरवरच सरळ करू का?

सदाशिव_पेठी:
कर. एकास एक बदलतोयस तोवर जावास्क्रिप्टमधली जागा हलत नाही, फक्त बाइट मोजशील ते बदललेल्या मजकुरावर, वाकडा ३ बाइटचा असतो.