आयटी पार्क नंतर, आधी पोरं तयार करा
इथं वर एकानं म्हणलंय की सोलापूरला आयटी पार्क झाला की पोरं आपोआप पुण्याला जायची थांबतील. पटत नाही ओ. बिल्डिंग होईल, पण आत बसणार कोण? एमएस-सीआयटी झालं म्हणजे आयटी आलं असं अजून निम्म्या घरात समजतात, ते टायपिंग-वर्ड-एक्सेलपुरतं ठीक, त्यानं सॉफ्टवेअरची नोकरी लागत नाही.

आणि लूमवरच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या पोरांना सॉफ्टवेअर जमणार नाही म्हणताय, ते तर अजिबात पटत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात जॅकार्डवर, म्हणजे कापडात नक्षी विणायच्या यंत्रावर काम केलेला माणूस बघा, ग्राफवर डिझाईन काढायचं, त्यावरून कार्डाला भोकं पाडायची, भोक असलं तिथं ताण्याचा (उभा) धागा उचलतो, नसलं तर खालीच राहतो. हो का नाही, एवढाच हिशोब, म्हणजे कॉम्प्युटरचं एक-शून्य, बायनरीच की! जॅकार्ड १८०४ चा, कॉम्प्युटरला अशी भोकांची पंचकार्डं त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. आता टॉवेलचं डिझाईन सॉफ्टवेअरवर करणारी पोरं आहेतच, त्यांना थेट टेस्टिंग (सॉफ्टवेअरमधल्या चुका तपासायचं काम) नायतर वेब डिझाईनकडं वळवता येईल.

अडतं कुठं तर इंग्रजीत. बोलायच्या नाही, वाचायच्या. स्क्रीनवर लाल एरर आला की पोरगं न वाचताच सरांना हाक मारतं, त्या बिचाऱ्या एररमध्ये कुठल्या ओळीत चूक आहे ते बऱ्याचदा सरळ लिहिलेलं असतं. क्लासवाले हे शिकवतच नाहीत, नोट्स देतात. शिवाय कारखान्यात पाळी करून येणाऱ्याला सकाळी ११ ची बॅच काय कामाची, रात्रीची पायजे. एमआयडीसीतल्या कारखान्यांना बिलिंग, स्टॉकची छोटी सॉफ्टवेअरं लागतातच, ती कामं शिकाऊ पोरांना द्या, अप्रेंटिसशिपच्या योजनेत स्टायपेंडचा काही भाग सरकार देतं. इथं कुणाचा कारखाना असेल तर बोला, एखादं पोरगं घ्याल का?