मदत हवी आहे: आयसीयूतल्या रुग्णाची झोप 'आण्यां'त मोजली तर चालेल का?

कृष्णाकाठ:
नमस्कार. मी सांगलीत आयसीयूत स्टाफ नर्स आहे, सोबत एम.एस्सी. नर्सिंग करतेय. प्रबंधाला झोपेचा विषय घेतला तो एका आजोबांमुळे. तासगावकडचे द्राक्षबागायतदार, न्यूमोनियाने दाखल झालेले. नाइटला मी तीनदा बघितलं, डोळे मिटलेले, श्वास संथ. रिपोर्टमध्ये लिहिलं, 'झोप चांगली'. सकाळी स्पंजिंग करताना म्हणाले, "डोळ्याला डोळा न्हाई लागला बघा. शेजारच्या खाटंचं यंतर वाजलं की वाटायचं, माझंच काय तर झालं." तो रिपोर्ट अजून मनातून जात नाही. नर्सची नोंद रुग्णाच्या सांगण्यापेक्षा जास्त झोप दाखवते, हे अभ्यासांतही आढळलंय, ते मला नंतर वाचनात आलं.

पॉलिसोम्नोग्राफी (झोपेत मेंदूच्या लहरींचा आलेख काढणारी तपासणी) प्रमाण मानतात, पण रात्रभर डोक्याला इलेक्ट्रोड लावणं आमच्याकडे जमणारं नाही. शिवाय गुंगीच्या औषधांवर असलेल्या रुग्णाचा आलेख झोपेच्या नेहमीच्या टप्प्यांत बसत नाही. गाइड मॅडमनी मनगटी अ‍ॅक्टिग्राफ सुचवला. तो हालचाल मोजतो. अशक्तपणाने निपचित पडलेला माणूस त्याला झोपलेलाच वाटतो. म्हणजे माझीच चूक यंत्र करणार.

म्हणून रिचर्ड्स-कॅम्पबेल प्रश्नावली घेतली. झोप किती गाढ, लागायला किती वेळ, जाग कितीदा, परत लागली का, एकूण कशी असे पाच प्रश्न. प्रत्येकासाठी १०० मिलिमीटरची रेघ, त्यावर खूण, मग पाचांची सरासरी. भाषा तपासायला काही रुग्णांना दाखवली. सलाइनच्या हाताने पेन धरवत नाही, आडवी रेघ म्हणजे काय हेच बऱ्याच जणांना कळत नाही. पण न विचारता सांगतात, "चार आणे झोप झाली." रेघेऐवजी सोळा आणे ठेवले तर चालेल? आणि मराठी भाषांतर कुणी वापरलंय का?

आकडेमोड_सातारा:
ताई, आण्यांचा मोह मलाही झाला असता, पण थांबा. लोक बोलताना चार, आठ, बारा, सोळा एवढंच म्हणतात. पाच आणे किंवा अकरा आणे झोप कुणी सांगत नाही. तुमची सोळा घरांची पट्टी प्रत्यक्षात चार-पाच घरांचीच होईल आणि थोडा फरक पडला तर तो दिसणारच नाही. शिवाय पंचविशीतल्या रुग्णाला आणे माहीत नसतात. रेघ ठेवा, पण उभी करा, खाली ० आणि वर १००. तुम्ही बोट सरकवायचं, रुग्णाने 'बास' म्हणायचं. आण्यांचा प्रश्न वेगळा, सगळ्यात शेवटी विचारा. दोन्हींचा मेळ किती बसतो हा प्रबंधातला स्वतंत्र भाग होईल. या प्रश्नावलीची मूळ पडताळणी २००० साली छापली, तीही ७० पुरुष रुग्णांवर. तुमच्याकडच्या बायकांची उत्तरं म्हणूनच मोलाची आहेत.

निवृत्त_मेट्रन:
आधी कॅम-आयसीयू या चाचणीने डिलिरियम, म्हणजे आजारपणातला भ्रम, तपासून घे बाळा. भ्रमातल्या माणसाच्या उत्तरावर सरासरी काढू नकोस. वेळ एकच ठेव, सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर द्यायच्या आधी. नाइटच्या नर्सने स्वतः विचारू नये, तिला बरं वाटावं म्हणून रुग्ण 'झोपलो की' म्हणतात. मी हे वर्षानुवर्षं बघितलंय. आवाजाचा सहावा प्रश्नही जोड, तो सरासरीत धरू नकोस. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही यंत्राने रोज झोप मोजण्याचा आग्रह नाही. रात्री आवाज आणि उजेड कमी करा, कानात बोळे आणि डोळ्यांवर पट्टी द्या, असं त्यांत आहे. भाषांतराला मूळ लेखिकेची परवानगी काढ, आणि मराठीवरून परत इंग्रजी दुसऱ्याच माणसाकडून करून घे.

कृष्णाकाठ:
दोघांचे मनापासून आभार. नाइटच्या नर्सचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, आता विचारायला दिवसपाळीची मैत्रीण घेते. उभ्या रेघेची पट्टी पुठ्ठ्यावर करून आज एका मावशींना दाखवली, त्यांनी लगेच 'बास' म्हणून थांबवलं, तिसाच्या आसपास. आता अडलंय चौथ्या प्रश्नावर. 'जाग आल्यावर परत डोळा लागला का' असं विचारलं की फक्त हो किंवा नाही मिळतं, पट्टीवर बोट कुठे थांबवायचं ते कळत नाही. 'परत डोळा लागायला किती जड गेलं' असं म्हटलं तर मिरज, जत, कवठेमहांकाळकडच्या लोकांना नीट कळेल का? त्या भागातल्या कुणी सांगितलं तर फार मदत होईल.