लीड्समधल्या त्या हजार तबकड्या: 'सिस्टर्स ऑफ मर्सी'चे मूळ पंकमध्ये शोधावे का?

काळाकोट

'सिस्टर्स ऑफ मर्सी' हा इंग्लंडमधल्या लीड्सचा रॉक बँड म्हटला की बहुतेकांना काळे चश्मे, धुराने भरलेला रंगमंच आणि १९८५ चा 'फर्स्ट अँड लास्ट अँड ऑल्वेज' हा अल्बम आठवतो. मला मात्र हा बँड त्याच्या आधीच्या, म्हणजे १९८० ते १९८३ या काळातल्या ध्वनिमुद्रणांत अधिक खरा वाटतो. त्यांतली बहुतेक 'मर्सिफुल रिलीज' या बँडच्या स्वतःच्या लेबलवर निघाली, आणि ती गॉथ, म्हणजे काळोखा, उदास रॉक म्हणून नव्हे, तर पंकचा, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या ओबडधोबड, बंडखोर रॉकचा, पुढचा टप्पा म्हणून ऐकावीत असे माझे मत आहे.

गायक अँड्र्यू एल्ड्रिच आणि गिटारवादक गॅरी मार्क्स यांनी १९८० मध्ये लीड्समध्ये 'द डॅमेज डन' या सिंगलच्या, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या तबकडीच्या, हजार प्रती स्वतः काढल्या. आपले गाणे रेडिओवर ऐकायला मिळावे, एवढाच हेतू होता असे बँड आजही सांगतो. एल्ड्रिच तेव्हा ड्रम वाजवत असे आणि ते वादन यथातथाच होते. दुसऱ्या बाजूचे 'वॉच' मार्क्सने गायले. ध्वनी पातळ आहे, गिटार खरखरते, कोणाचाच हात बसलेला नाही. कौशल्य येण्याची वाट न पाहता तबकडी काढणे हाच तर पंकचा धडा होता, आणि 'बझकॉक्स' या पंक बँडने १९७७ च्या जानेवारीत 'स्पायरल स्क्रॅच' स्वखर्चाने काढून तो घालून दिला होता.

मंद्रसप्तक

आपण खर्चाची रीत आणि संगीताची जात यांची गल्लत करत आहात. स्वतःच्या पैशांनी तबकडी काढणारा प्रत्येक जण पंक ठरत असेल, तर पदरमोड करून काव्यसंग्रह छापणारे आपल्याकडचे कवीही पंकच म्हणायचे.

पहिली सिंगल हा बँडचा चेहरा नव्हे, ती खटपट होती. चेहरा दिसतो तो १९८२ च्या 'अ‍ॅलिस'मध्ये. तोवर एल्ड्रिचने ड्रमच्या काठ्या खाली ठेवून ते काम 'डॉक्टर अ‍ॅव्हलांच' असे नाव दिलेल्या ड्रम मशीनकडे सोपवले होते, बेसवर क्रेग अ‍ॅडम्स आला होता आणि दुसऱ्या गिटारवर बेन गन. या गाण्यात गिटारची ओळ त्याच त्या वर्तुळात फिरत राहते, ताल रेसभरही हलत नाही, आणि खर्जातला आवाज कोठेही ओरडत नाही. पंकला जो उद्रेक हवा असतो, तो येथे मुद्दाम कोंडून ठेवलेला आहे. शिवाय त्यांनी ध्वनिमुद्रित केलेले '१९६९' हे गाणे 'स्टूजेस' या अमेरिकन बँडचे, म्हणजे पंकच्याही आधीचे. मग मूळ पंकमध्ये कसे?

काळाकोट

'स्टूजेस'चा दाखला माझ्याच बाजूचा आहे. पंकचा बिनीचा बँड असलेल्या 'सेक्स पिस्टल्स'नी त्याच बँडचे 'नो फन' १९७७ मध्ये 'प्रिटी व्हेकंट'च्या मागच्या बाजूला दिले होते. दोघांचे आजोळ एकच निघते. ड्रम मशीनबद्दल म्हणाल, तर वादक नाही म्हणून अडून न बसता यंत्र लावून पुढे जाणे यात मला तीच वृत्ती दिसते.

पेनाइन_वारा

दोघेही लीड्स हे गाव विसरत आहात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. 'सेक्स पिस्टल्स'च्या 'अ‍ॅनार्की' दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम रद्द झाले, पण ६ डिसेंबर १९७६ चा लीड्स पॉलिटेक्निकमधला कार्यक्रम झाला. पुढे जॉन कीननने चालवलेल्या 'एफ क्लब'मुळे नव्या बँडना तेथे हक्काची जागा मिळाली. या वातावरणातून, विशेषतः विद्यापीठाच्या परिसरातून, 'गँग ऑफ फोर' आणि 'मीकॉन्स' हे बँड पुढे आले. ते राजकारणावर, पैशावर, स्त्री-पुरुष संबंधांवर उघडपणे वाद घालणारे होते. आपली भूमिका ते झाकून ठेवत नसत.

'सिस्टर्स'नी याच गावात राहून नेमकी उलटी वाट धरली. १९८३ ची 'द रेप्टाइल हाउस' ही ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटी तबकडी, ऐका. गती इतकी मंद की पंकच्या श्रोत्याने तबकडी चुकीच्या वेगाने लागली असे समजावे. पहिलेच गाणे, 'किस द कार्पेट', शब्दांपर्यंत पोहोचायला बराच वेळ घेते आणि ईपीच्या शेवटी तीच धून पुन्हा येऊन वर्तुळ मिटवते. बाहेरच्या जगाविषयी थेट विधान कोठेच नाही. त्यामुळे मला हे पंकचे अपत्य वाटण्यापेक्षा लीड्सच्या बोलक्या पंकला दिलेले घुमे उत्तर वाटते. 'बाउहाउस' या गॉथ बँडची गोष्ट वेगळी नाही: नऊ मिनिटांहून लांब असलेले त्यांचे 'बेला लुगोसीज डेड' १९७९ मध्ये 'स्मॉल वंडर' या पंकसाठी ओळखल्या जाणाऱ्या लेबलने काढले, म्हणून काही ते पंक झाले नाही.

काळाकोट

उत्तर देण्यासाठी आधी प्रश्न मान्य करावा लागतो, आणि तो प्रश्न पंकनेच विचारला होता. 'रेप्टाइल हाउस'ची मंदगती मी नाकारत नाही, पण त्याच वर्षीच्या 'टेम्पल ऑफ लव्ह'चा वेग पाहा, म्हणजे ऊर्जा कोठून येत होती ते कळेल. १९८४ मध्ये बँड 'डब्ल्यूईए' या मोठ्या कंपनीच्या छत्राखाली गेला आणि पुढच्या वर्षीच्या अल्बमवर जी तकाकी आली, ती आधीच्या तबकड्यांवर नाही. एल्ड्रिच स्वतः गॉथ हा शिक्का झटकत आला आहे, हेही विसरू नये.

मंद्रसप्तक

कलावंत स्वतःविषयी काय म्हणतो यापेक्षा तो काय पुढे ठेवतो ते पाहावे. ही सगळी सुरुवातीची ध्वनिमुद्रणे १९९२ मध्ये 'सम गर्ल्स वॉन्डर बाय मिस्टेक' या संग्रहात एकत्र आली. कालक्रम पाळला असता, तर आपली ती १९८० ची सिंगल सर्वांत पुढे असती. संग्रह सुरू होतो 'अ‍ॅलिस'ने, आणि 'द डॅमेज डन' येते एकोणीस गाण्यांपैकी चौदाव्या क्रमांकावर, 'रोलिंग स्टोन्स'कडून घेतलेल्या 'गिमी शेल्टर'च्याही मागे. बँडच्या लेखी आरंभ कोठे होतो, हे आणखी कसे सांगायचे?

काळाकोट

चौदाव्या क्रमांकावर का होईना, पण ती वगळली नाही. ते ओबडधोबड ड्रम पुन्हा वाजवून घेण्याची सोय १९९२ मध्ये नक्कीच होती. 'टेम्पल ऑफ लव्ह' तर त्याच वर्षी इस्रायली गायिका ऑफ्रा हाझाच्या आवाजासह नव्याने ध्वनिमुद्रित झालेच होते. 'द डॅमेज डन'ला मात्र कोणी हात लावला नाही.