मदत हवी आहे: बाळ अंगावर पितंय, थायरॉईडचा स्कॅन करू का?

बाळंत होऊन पाच महिने झाले. चौथ्या महिन्यापासून केस इतके गळतायत की न्हाणीघराच्या जाळीवर रोज मूठभर गुंता. सासूबाई म्हणाल्या, "जातात आणि येतात." मला दम निघेना. धडधडही होते, पण पाच महिने सलग झोप नाही, मग ती कशाची म्हणायची? रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन) ०.०२, म्हणजे फारच कमी, आणि फ्री टी४ (थायरॉईडचा स्वतःचा हार्मोन) २.६ (लॅबची वरची मर्यादा १.७).

डॉक्टर म्हणतात, बाळंतपणानंतर ग्रंथीला सूज येऊन साठलेला हार्मोन रक्तात सांडत असेल, नाहीतर ग्रेव्ह्ज असेल, म्हणजे ग्रंथीच जादा हार्मोन बनवतेय. सुजेवर कार्बिमॅझोलचा (हार्मोन बनणं कमी करणाऱ्या गोळीचा) उपयोग नाही, ग्रेव्ह्जवर आहे. म्हणून आधी टेक्नेशियम स्कॅन, म्हणजे टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ टोचून ग्रंथीचं चित्र काढायचं. सुजलेली ग्रंथी ते ओढूनच घेत नाही, चित्र जवळपास कोरं येतं; ग्रेव्ह्जमध्ये दोन्ही बाजू गच्च भरलेल्या दिसतात.

पण ते दुधात उतरतं! सेंटरवर फोन केला तर "दोन दिवस वरचं पाजा" म्हणाले. घरी सांगितलं, तर मामंजी लगेच, "त्यात काय, गंगावेशीतनं म्हशीचं धारोष्ण आणतो की." वर्षाच्या आतल्या बाळाला! म्हशीच्या दुधावर न वाढलेला माणूस त्यांच्या हिशेबात कोल्हापूरचाच नव्हे.

दूध नक्की किती वेळ बंद ठेवायचं? स्कॅन टाळून दुसरं काही चालेल का?

प्रतिसाद १
ताई, मी लॅबमध्ये काम करतो. केसांसाठी काही गोळ्या घेताय का?

धागाकर्ती
हो, पार्लरवालीनं दिल्यात. पाकिटावर बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम लिहिलंय. व्हिटॅमिनच आहे ना, म्हणून डॉक्टरांना सांगितलं नाही.

प्रतिसाद १
तिथंच घोळ असू शकतो. रोजची गरज ३०-३५ मायक्रोग्रॅमची. रक्त तपासायच्या बऱ्याच किटमध्ये बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं प्रथिन स्ट्रेप्टाव्हिडिन यांची पकड वापरलेली असते. तुमच्या रक्तातलं जादा बायोटिन ती जागा आधीच अडवून बसतं, आणि टीएसएच खोटाच कमी, फ्री टी४ खोटाच जास्त येतो. कागदावर हुबेहूब ग्रेव्ह्ज! सगळ्याच मशीनवर असं होत नाही, म्हणून लॅबला किट विचारा. गोळी निदान दोन दिवस बंद ठेवून रक्त द्या असं सांगतात. तुमचा डोस मोठा आहे, चार-पाच दिवस थांबलेलं बरं. ग्रेव्ह्ज ओळखायची टीआरएबी ही रक्ततपासणीही बायोटिननं फसू शकते, तीही त्यानंतरच करा. आणि खरोखर सूज निघालीच, तर बायोटिनचा दोष नाही, एवढं लक्षात ठेवा.

प्रतिसाद २
दुधाचं सांगते, माझं झालंय. टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मं होतं, मला त्या दिवसाचं दूध काढून टाकायला सांगितलं होतं. नेमके तास डोस पाहून न्यूक्लिअर मेडिसिनवालेच सांगतील. आधीच काढून फ्रीजरमध्ये ठेवलंत तर म्हशीकडे जायला नको! थायरॉईडसाठीच वापरतात ते दुसरं किरणोत्सारी द्रव्य, रेडिओआयोडीन १३१, मात्र अंगावर पाजताना नाही म्हणजे नाही, ते निम्मं व्हायला ८ दिवस लागतात. टीआरएबी आणि गळ्याची डॉप्लर सोनोग्राफी आधी करता येईल का, विचारा. ग्रेव्ह्जमध्ये ग्रंथीतला रक्तप्रवाह वाढलेला दिसतो.

धागाकर्ती
डॉक्टरांना फोन केला. आधी गप्प, मग म्हणाले, "हे आधी सांगायचं नाही का!" स्कॅन पुढे ढकललाय. गोळी कालपासून बंद, सोमवारी रक्त देते. मामंजींना अजून सांगायचंय, त्यांनी गवळ्याला सांगून ठेवलंय.