जागतिकीकरणात ज्यांचे नुकसान झाले, त्यांना ते भरून मिळू शकते का?

प्रश्न : लघुउद्योजक, सातपूर
नाशिकजवळ सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत माझा लेथकामाचा लहान कारखाना आहे. मोठ्या कारखान्यांना बुश आणि पिना, म्हणजे यंत्रात बसणारे छोटे सुटे भाग, करून देणे हे आमचे वीस वर्षांचे काम. अलीकडे यातले बरेच भाग चीनमधून तयार येऊ लागले असून, आमच्याकडे जो दर मागितला जातो त्यात जेमतेम कच्चा माल येतो. अकरा कामगारांपैकी चार उरले आहेत. माझे सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे, मशिनही परदेशी बनावटीचे आहे आणि परवडले म्हणूनच घेता आले, त्यामुळे जागतिकीकरणाने आम्हाला फक्त लुबाडले असे मी म्हणणार नाही. मात्र ज्या सात जणांचे काम गेले, त्यांच्यासाठी काही व्यवस्था होऊ शकते का, की आयातशुल्क वाढवा अशी मागणी करणे एवढेच आमच्या हाती आहे?

उत्तर : द्राक्ष बागायतदार, निफाड
आमच्या बागा युरोपच्या बाजारावर उभ्या राहिल्या, तरी २०१० चा हंगाम विसरता येत नाही. वेलीची वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वॅटचे अंश युरोपात द्राक्षांमध्ये सापडले, माल नाकारला गेला आणि छाटणीपासून काढणीपर्यंतचे कर्ज शेतकऱ्याच्या नावावर राहिले. नियम कडक होता याबद्दल माझी तक्रार नाही, कारण तो खाणाऱ्याच्या आरोग्याचा प्रश्न आहे. निर्यातदार, आयातदार आणि दुकानदार अशी मोठी साखळी असताना जोखीम मात्र बांधावरच्या माणसाकडेच का यावी, हे मला आजही पटत नाही. कांद्याचे दुखणे वेगळे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये थेट बंदी, मे २०२४ मध्ये ती उठवताना टनाला ५५० डॉलर किमान दराची अट, असे निर्णय बदलत गेले. लासलगावच्या बाजारात कांदा नेणाऱ्याला त्या वर्षी खुल्या व्यापाराने नव्हे, तो ऐन वेळी बंद केल्याने मारले.

उत्तर : अर्थशास्त्राचे शिक्षक, नाशिकरोड
व्यापारातून देशाला होणारा एकूण लाभ नुकसानीपेक्षा मोठा असतो, म्हणून जिंकणाऱ्यांकडून घेऊन हरणाऱ्यांना देता येते, असे आम्ही वर्गात शिकवतो. ‘देता येते’ आणि ‘दिले जाते’ यांतले अंतर आम्ही पुरेसे सांगत नाही, ही आमची चूक आहे. अमेरिकेने १९६२ मध्ये आयातीमुळे बेकार झालेल्यांसाठी प्रशिक्षण व भत्त्याची योजना सुरू केली. तरीही २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आल्यानंतर ज्या भागांतले कारखाने बंद पडले, तिथला रोजगार दहा वर्षांनंतरही सावरला नव्हता, असे अमेरिकी अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. माणसे घर, शेती आणि म्हातारे आईवडील सोडून सहज दुसरीकडे जात नाहीत, हे सिद्धान्तात बसत नव्हते. शुल्काबद्दल एक सावधगिरी हवी : पोलादावर शुल्क लागले तर पोलाद कारखाना वाचेल, पण आपण कच्चा माल म्हणून जो पोलादी बार (सळई) विकत घेता तो महागेल आणि तयार बुश मात्र पूर्वीच्याच दरात येत राहील. म्हणून आधी आपल्याच देशातले नियम पाहावेत. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघुउद्योगांना त्यांच्या मालाचे पैसे खरेदीदाराकडून जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत.

प्रश्नकर्ता : सातपूर
पंचेचाळीस दिवसांचा नियम मला माहीत आहे, पण त्यासाठी तक्रार केली तर पुढची ऑर्डर येत नाही. तरीही आपले म्हणणे पटले, कारण ते पैसे वेळेवर आले असते तर मी किमान दोन कामगार टिकवू शकलो असतो. उरलेल्या पाचांमध्ये एक जण ५१ वर्षांचे आहेत आणि त्यांचा हात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा फरक ओळखतो. त्यांना सीएनसी शिकवण्याचा सहा महिन्यांचा पगार कोणी द्यावा, मी, सरकार की स्वस्त माल घेणारा कारखाना, याबद्दल निफाडच्या बागायतदारांचे मत वाचायला आवडेल.