शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांचाही विचार व्हावा

वजन ११८ किलो आणि सोबत मधुमेह असताना वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करावी की आणखी वर्षभर आहार-व्यायामावर भर द्यावा, हा आपला प्रश्न वाचला. माझ्या थोरल्या वहिनींनी सांगलीत राहून हाच निर्णय घेतला होता, म्हणून लिहितो.

या शस्त्रक्रियेला ‘शेवटचा उपाय’ म्हणणे मला पटत नाही. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचे माप) ३५ च्या वर असल्यास इतर आजार नसतानाही शस्त्रक्रियेची शिफारस केली जाते, आणि आशियाई लोकांसाठी ही मर्यादा २७.५ धरली जाते. त्यामुळे मधुमेह जुना होण्याची वाट पाहण्यात फारसा शहाणपणा नाही, कारण तो जितका जुना तितका शस्त्रक्रियेनंतर आटोक्यात येणे कठीण.

मात्र यातील ‘स्लीव्ह’ प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढला जातो, हे घरातील सर्वांनी समजून घ्यावे. वहिनींना शस्त्रक्रियेपेक्षा लग्नाच्या पंगतीतला आग्रह जड गेला. (“एवढीशी पोळी?” हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकले असेल!) बी-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या आयुष्यभराच्या असतात. शस्त्रक्रिया पुण्यात करणार असाल, तर पुढील तपासण्या सांगली-मिरजेत कोण पाहणार, हे आधीच लेखी विचारून घ्यावे. वहिनींनी ते विचारले नव्हते, आणि पहिल्या वर्षी प्रत्येक तपासणीसाठी पुण्याची फेरी पडली.