मदत हवी आहे: छातीत पू, नळी घातली आहे, स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचं यंत्र) कसा वापरायचा?

वडील, वय ५८, मधुमेह. उजवीकडे न्यूमोनिया, आता फुफ्फुसाभोवती पू (एम्पायमा). काढलेल्या पाण्याचा पीएच ७.०, ग्लुकोज २८. नळीचा चौथा दिवस. पहिल्या दिवशी ९०० मिली निघालं, काल फक्त ४०. ताप १०१ आहेच. तीन चेंडूंचं यंत्र दिलंय, बाबा जोरात फुंकतात पण चेंडू हलत नाहीत. पाठ थापटून उरलेला पू सुटेल का? नळीसकट चालवायचं का?

प्रतिसाद १
थापटून सुटतो तो श्वासनलिकेतला कफ. हा पू फुफ्फुसाच्या बाहेर, दोन आवरणांच्या मधे असतो, तो खोकून यायचा नाही.
व्यायामाआधी नळीचं बघा. निचरा आटला आणि ताप तसाच, म्हणजे बहुधा नळी तुंबली किंवा पुवात जाळी धरून कप्पे झाले. छातीची नळी ज्या बाटलीला जोडलीय, तिच्या नळीतलं पाणी श्वासाबरोबर वरखाली होतंय का? फुफ्फुस पूर्ण फुगल्यावरही हे हलणं थांबतं, पण ताप असताना तसं गृहीत धरू नका. आजच सोनोग्राफीबद्दल विचारा. कप्पे असतील तर नळीतून जाळी विरघळवणारं औषध (अल्टेप्लेस १० मिग्रॅ आणि डीएनेज ५ मिग्रॅ, दिवसातून दोनदा, ३ दिवस, आपल्याकडे बरेचदा युरोकायनेज) किंवा दुर्बिणीतून सफाई. रेंगाळलं तर फुफ्फुसावर जाड साल धरते आणि ती सोलायला मोठं ऑपरेशन लागतं. क्षयासाठी एडीए आणि सीबीनॅट या तपासण्यांना पाणी पाठवलंय ना?

प्रतिसाद २
यंत्र फुंकायचं नसतं, ओढायचं असतं! बरेच पेशंट हीच चूक करतात. वेदनाशामक गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने ताठ बसवा. आधी श्वास सोडू द्या, मग यंत्राची नळी ओठांत घट्ट धरून सावकाश आत ओढायला सांगा. चेंडू ३ सेकंद वर राहिला पाहिजे. तिन्ही चेंडू झटक्यात उडवण्यापेक्षा एकच टिकवलेला बरा. जागेपणी दर तासाला १० वेळा, पण सलग नको, चक्कर येते. शिवाय उजव्या बरगड्यांवर तळहात ठेवून 'हात ढकला' म्हणत श्वास घ्यायला लावा. खोकताना उशी छातीशी दाबून धरायची. उजवा खांदा दुखतो म्हणून आखडून ठेवतात, तो दिवसातून तीनदा पूर्ण वर न्या.
डॉक्टरांची हरकत नसेल तर जरूर चालवा. बाटली उभी आणि छातीच्या खाली. चालवण्यासाठी नळीला चिमटा लावू नका.

धागाकर्ती
पाणी हलत नाहीये. नळी कुशीखाली दबली होती, सिस्टरनी सरळ केली, तरी तेच. सोनोग्राफी दुपारी आहे. एडीए पाठवलंय, सीबीनॅटचं विचारते.